मागच्या खुंटीवरचा माणूस

१

माझं नाव साहेबराव, त्यामुळे खात्यानं बढती दिली नाही तरी लोक मला साहेब म्हणतच होते. हुद्दा ओव्हरसिअरचा, मुक्काम न्हावऱ्याला. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. दुष्काळात लोकांच्या हाताला काम हवं म्हणून सरकार जिकडेतिकडे रस्ते काढत होतं, आणि रस्ता काढायचा तर तो माळावरून कुठून कसा जाणार हे आधी कोणीतरी उन्हात उभं राहून ठरवावं लागतं. वडगाव रासाईच्या बाजूला जाणाऱ्या एका रस्त्याची आखणी माझ्याकडे होती. सोबतीला एक खलाशी, म्हणजे काठी धरणारा माणूस. त्याचं नाव रखमाजी. साठीला टेकलेला, धनगराचा, जन्मभर मेंढरांमागं चाललेला. मेंढरं दुष्काळात गेली, आता तो माझ्यामागं चालत होता.

कामाची रीत अशी. माळावर ओळीनं खुंट्या ठोकलेल्या. मी एका खुंटीपाशी होकायंत्र घेऊन उभा राहायचो. रखमाजी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी घेऊन पुढच्या खुंटीवर जायचा आणि ती अगदी उभी धरायचा. मी तिची दिशा वाचायचो. मग मी चालत त्या पुढच्या खुंटीवर जायचो, आणि रखमाजी आल्या वाटेनं परत जाऊन मी सोडलेल्या खुंटीवर उभा राहायचा. पुढून मागं बघितलं की दिशा बरोबर उलटी यायला हवी. आली तर रेघ खरी, नाही आली तर पुन्हा पहिल्यापासून. मागचं बघून झालं की तो परत माझ्याकडे. म्हणजे एका रेघेला माझी एक चाल, त्याच्या तीन. दुसरी काठी कुठल्याशा दुष्काळी कामावर गेली ती गेलीच. आणि मुरमात काठी रोवून उभी राहत नाही, माणसानंच धरावी लागते.

लांबून हाका ऐकू येत नाहीत, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या. मी हात वर केला की तुझी काठी दिसली, हलू नकोस. हात खाली पाडला की झालं, ये. हात पडेपर्यंत खलाशानं जागा सोडायची नाही. एकदा रखमाजीला गांधीलमाशी चावली, कपाळ भाकरीएवढं सुजलं, पण काठी हलली नाही.

त्याचे गुडघे मात्र गेले होते. संध्याकाळी तो वस्तीकडे निघाला की त्याचं लंगडणं लांबूनही दिसायचं. त्यात आमचं सरकारी होकायंत्र माझ्याहून म्हातारं. सुई अडकायची. आकडा वाचायला मान खाली घालावी तर समोरची काठी नजरेतून निसटायची. वरचेवर रेघ चुकायची, आणि चूक यंत्राची असो की माझी, फेरा रखमाजीच्या पायांना पडायचा.

"सायेब, ही डबी खोटं बोलती," तो म्हणायचा.

"बोलणारच मामा. सरकारी आहे."

शेवटी मीच ठरवलं की आता एक चांगलं, आरशाचं होकायंत्र घ्यायचं. मला दुसरं काही नको होतं. पावसाच्या आत आखणी संपावी आणि हा म्हातारा स्वतःच्या पायांनी बायकोकडे घरी जावा, एवढंच.

२

दौंड म्हणजे लोखंडाचं गाव. रूळ, डबे, इंजिनं, पत्र्याची गोदामं. होकायंत्र पारखायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. पण स्टेशनाजवळ बबनराव म्हणून एक घड्याळजी होता. कुठले कुठले लिलाव धुंडाळून तो जुनी यंत्रं आणायचा. आम्ही दोघं एसटीनं गेलो. रखमाजीनं काठी सोबत घेतली होती. कंडक्टरशी तिच्यावरून त्याचं वाजलंही.

बबनरावानं तीन होकायंत्रं काचेवर मांडली. तिन्ही आरशाची. झाकणाच्या आतल्या अंगाला आरसा. झाकण अर्धं उघडून यंत्र डोळ्यांसमोर धरायचं, वरच्या खाचेतून लांबची काठी बघायची आणि त्याच वेळी खाली आरशात तबकडीचा आकडा वाचायचा. मान हलवावी लागत नाही, काठी निसटत नाही.

"हे पितळेचं घ्या," बबनराव म्हणाला. "वजन बघा की."

वजनाला मी भुललो नाही. खिशातली किल्ली सुईजवळ नेली, सुई वळली. किल्ली लांब नेली, सुई परत आली, पण मूळ जागेच्या अलीकडेच थबकली. आतलं टोक झिजलेलं. तसलं यंत्र रोज नवी उत्तर दिशा सांगतं. दुसऱ्यात तेल भरलेलं होतं, त्यामुळे सुई थरथरत नव्हती, पण तेलात वाटाण्याएवढा बुडबुडा आणि बिजागरी सैल. झाकण हवं तिथं थांबेना, सारखं आपटायचं. त्याच्या आरशासमोर मी आगकाडी उभी धरली तर ती मध्येच वाकलेली दिसली.

"साहेब, पोरगी दाखवायला बसवलीय का मी?" बबनराव म्हणाला. "सोयरिकीला सुद्धा लोक एवढं बघत नाहीत."

"म्हनून तर नंतर रडत्यात," रखमाजी म्हणाला.

तिसरं काळं होतं. त्याच्यावर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. बिजागरी घट्ट. आरशाच्या मधोमध नेम धरायला आखलेली केसासारखी बारीक रेघ. आगकाडी सरळच्या सरळ. किल्ली नेली, आणली, पुन्हा नेली. सुई दर वेळी आपल्या जागी परतली आणि तिथंच राहिली. पण त्या दुकानात चहूकडे घड्याळं आणि पलीकडे रूळ, तिथल्या कशावर विश्वास ठेवायचा? मी बबनरावाला सांगितलं की तिन्ही नदीवर नेऊन बघतो. तो म्हणाला, न्या, पळून जाण्याएवढा जोर दोघांतही दिसत नाही. खोटं नव्हतं ते.

३

भीमा आटून तिची डबकी झाली होती. दगडी पायऱ्यांचा एक उतार आणि त्यापासून बऱ्याच अंतरावर, मोकळ्यात, एक कडुलिंब. आसपास लोखंडाचं काही नाही. पायरीवरून लिंबाची दिशा घ्यायची आणि लिंबाखालून पायरीची. पितळेचं नापास झालं, बुडबुड्याचं त्याहून नापास. दोन्ही वेळा रखमाजी आला-गेला. दुपार झाली होती. आता काळं घेऊन मी पायरीवरून लिंबाकडे बघितलं, आकडा लक्षात ठेवला, चालत लिंबाखाली गेलो आणि वळलो.

खाचेतून रखमाजी पायरीवर उभा दिसला. काठी ओळंबा सोडल्यासारखी उभी. आरशात सुई लगेच शांत झाली. दिशा बरोबर उलटी, तसूभरही फरक नाही. इतक्या वर्षांत मी असं मागचं बघणं पाहिलं नव्हतं. मी हात वर केला, खाली पाडला, आणि मनात म्हटलं, हेच घ्यायचं.

"सायेब," बाजूनं आवाज आला. रखमाजी ओल्या तोंडानं डबक्याकडून चढत येत होता. काठी खांद्यावर. "तोंडाव पानी मारून आलो. जातो आता पायरीव."

"आत्ता पायरीवर तुम्ही नव्हता?"

"मी कुठला? ह्यो काय आत्ता येतोय."

मी पायऱ्यांकडे बघितलं. उन्हात दगड तेवढे दिसत होते. कोणी परीट असेल, हातात बांबू असेल, गेला असेल. नदीवर माणूस दिसणं म्हणजे काही नवल नाही. रखमाजीला पुन्हा पायरीवर पाठवून खात्री करून घ्यायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याचे गुडघे बघितले आणि माझेही पाय बघितले, आणि म्हटलं, चला. बबनरावाकडे जाऊन काळं होकायंत्र घेऊन टाकलं.

४

सुरुवातीला काम असं सरकलं की मी स्वतःवरच खूश होतो. एकही रेघ चुकली नाही. रखमाजी त्याच्या तीन चाली चालायचा, पण चौथी म्हणून कधी चालावी लागली नाही.

मग एका दुपारी मी पुढच्या खुंटीवर पोचलो, कपाळ पुसलं आणि मागं बघायला यंत्र डोळ्यांसमोर धरलं. मागच्या खुंटीवर माणूस काठी धरून उभा होता. मी आरशात आकडा वाचायला लागलो.

"सायेब, वाईच पानी पितो आन् जातो मागं," रखमाजी माझ्या शेजारून म्हणाला. बाटलीचं बूच काढत होता तो.

मी यंत्र खाली केलं. मागं माळ, उन्हाच्या झळा, आणि त्या झळांत खुंटीसुद्धा धड दिसत नव्हती. पुन्हा वर केलं. खाचेतून माणूस दिसला.

माझ्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला. आमच्या घरातून देव्हारा गेला, त्याच्याबरोबर भुतंखेतंही गेली. मी लहानपणापासून कारण विचारत आलो, आणि कारण मला सापडलंही. अधू डोळ्यानं बारीक भोकातून बघितलं तर लांबचं स्पष्ट दिसतं, हे कुणीही करून बघावं. खाच म्हणजे तसलंच भोक. तिथं माणूस होताच, नुसत्या डोळ्याला झळांमुळे दिसत नव्हता, इतकंच. मी यंत्र रखमाजीच्या हातात दिलं.

त्यानं एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. "हाय की," तो म्हणाला. "काठी बी धरलीया. माझ्यापरीस सरळ धरलीया."

"असेल कोणी मेंढपाळ. काठी टेकून उभा असेल."

"आमच्यातला असता तर मेंढरं नसती का संगं?" त्यानं यंत्र परत दिलं आणि डोकं खाजवलं. "आन् बराबर खुंटीवच कसा काय उभा ऱ्हाईल?"

मी आकडा पुन्हा वाचला. बरोबर उलटा.

५

आता जे झालं ते कोणालाही सांगितलं तर तो मला वेड्यात काढील. पण आम्हा दोघांच्या जागी, त्या उन्हात, तोही तेच करता. मी म्हणालो, "राहू द्या मामा. तिथं कोणीतरी उभं आहे. दिशा बरोबर येतीय. कशाला जाता?"

"चालंल का तसं?"

"न चालायला काय झालं?"

मी हात वर केला आणि पाडला. रखमाजी पाणी प्याला, काठी उचलली आणि सरळ पुढच्या खुंटीकडे निघाला. त्याच्या दोन चाली वाचल्या.

पुढच्या खुंटीवरून मागं बघितलं. उभा. त्याच्या पुढच्या खुंटीवरून बघितलं. उभा. मी नुकतीच सोडलेली जी खुंटी असेल तिच्यावर तो असायचा. जवळ येत नव्हता, लांब जात नव्हता. मी रोज त्याला हात करायचो, आणि सवयीनं रोज पाडायचो. रखमाजी बाभळीच्या सावलीला थांबायला लागला. संध्याकाळी त्याचं लंगडणं कमी झालं असं मला वाटलं, आणि बरं वाटलं. भीती वाटत होती का? वाटत होती. पण भीती दिवसभर वाटत राहायलाही अंगात रग लागते, आमच्यात ती उरली नव्हती. दुपारी भाकरी सोडायला बसलो की आम्ही दोघंही मागच्या बाजूला पाठ करून बसायचो. 

एवढंच की तो हळूहळू स्पष्ट होत होता. आधी नुसती उभी आकृती होती. मग डोक्याला काहीतरी बांधलेलं दिसलं. मग ते लाल दिसलं. रखमाजीचा पटका लाल होता.

एके दिवशी त्यानंच यंत्र मागून घेतलं, बघितलं आणि हसला. हसू तोंडावरच राहिलं.

"सायेब, माझ्यावानीच दिसाय लागलंय की."

"ऊन आहे मामा."

"ऊन तर हायच." त्यानं काठी उचलली. "म्या जाऊन येतो. आवंदा माझं काम दुसऱ्यानं केलं, आन् म्या सावलीला. मनाला बरं वाटत न्हाई. जागा माझी हाय ती."

मी नको म्हणालो. फार जोरानं म्हणालो नाही. मलाही एकदाचा उलगडा हवा होता.

६

ती खुंटी रखमाजीच्या वस्तीवरून दिसायची. मधे नुसता माळ. रखमाजी लंगडत निघाला आणि मी यंत्र डोळ्यांपुढं धरून उभा राहिलो.

खाचेत दोघं आले. एक उभा, एक चालत जाणारा. चालणाऱ्याची पाठ वाकलेली, खांद्यावर काठी. खाली आरशात सुई होती आणि ती इतकी स्थिर होती की मला यंत्र हलवून बघावंसं वाटलं. मी हलवलं नाही. दोघांमधलं अंतर कमी होत गेलं. उभा असलेला काही हलला नाही. रखमाजी त्याच्यापाशी पोचला आणि थांबला. बोलत असावेत, किंवा नुसते बघत असावेत. इतक्या लांबून काय कळणार?

मग रखमाजीनं खांद्यावरची काठी उतरवली आणि समोर धरली. दुसऱ्यानं ती घेतली. आणि रखमाजी खाली बसला. डोक्यावरचं ओझं कोणीतरी उतरून घेतल्यावर माणूस बसतो, तसा. गुडघ्यांना हातांची मिठी घातली आणि मान खाली घातली.

माळावरून वावटळ आली. माझ्या डोळ्यांत माती गेली. डोळे चोळून बघितलं तेव्हा खुंटीवर एकच माणूस होता. उभा, काठी सरळ. लाल पटका.

माझा हात वर होता, कधी वर केला ते आठवत नाही. खांदा भरून आला होता. मी हात पाडला.

तो माझ्याकडे चालत आला. पावलं सारखी पडत होती.

"कोण होतं मामा?"

"कुनी न्हाई."

"गुडघे बरे दिसतात आज."

"व्हय," तो म्हणाला, आणि पुढच्या खुंटीकडे निघून गेला. पाणी मागितलं नाही. एवढ्या उन्हातून आला होता, पण कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

७

त्यानंतर मागच्या खुंटीवर कधी कोणी दिसलं नाही. रखमाजीच तीनही चाली चालायचा, न थकता. आखणी भराभर संपत आली. मला संशय आला नाही असं नाही. रात्री खोलीवर पडल्यावर यायचा. म्हातारा औषध लावत असेल, चांगले दिवस आले असतील, अशी समजूत घालून मी झोपून जायचो. सकाळी तो माझ्याआधी खुंटीवर हजर असायचा.

मग एका रविवारी त्याची बायको बानूबाई न्हावऱ्याला माझ्या खोलीवर आली. उन्हातून चालत आली होती. मी बसा म्हटलं तर दारातच उभी राहिली.

"सायेब, तुमी काय केलं ओ ह्यांला?"

"काय झालं मामी?"

"बसंनात. आल्यापास्नं उभंच. भाकर दिली तर हातात घिऊन उभं. रातच्याला निजत बी न्हाईत, भितीला लागून उभं. म्या गुडघ्याला तेल लावाया गेले."  तिनं पदर तोंडाला लावला. "गुडघा गार लागला. आन् वाकंनाच. कसा वाकावा त्येच ठावं नसल्यावानी. सायेब, मला माझा मानूस पायजे. पाय मोडका असूं द्या, पर माझा पायजे."

मी उठलो. होकायंत्र पिशवीत घातलं आणि तिच्याबरोबर निघालो.

आधी मी त्या खुंटीवर गेलो. खुंटी, मुरूम, एक वाळकं तरवड. कोणी नाही. हाका मारल्या. मुरमात बसकी जागा दिसते का म्हणून वाकून बघितलं, हातानं चाचपलं. मुरूम मुरमासारखाच होता. इतकं चालून मला रडू आलं, आणि मी तिथं उभ्यानं थोडा रडलो. मग वस्तीवर गेलो.

८

दिवस मावळतीला आला होता. घराच्या भिंतीला लागून तो उभा होता. मी "मामा" म्हणालो. त्यानं मान वळवली नाही. तो माळाकडे बघत होता.

मी अंगणाच्या कडेला जाऊन यंत्र उघडलं आणि खाचेतून त्या खुंटीकडे बघितलं.

रखमाजी बसलेला होता. तसाच, गुडघ्यांना मिठी घालून, मान खाली. उतरत्या उन्हात त्याची सावली लांबवर गेली होती. खाली आरशात माझ्या खांद्यावरून मागची भिंत दिसत होती, आणि भिंतीशी उभा असलेला.

मी यंत्र बानूबाईच्या हातात दिलं, कसं धरायचं ते दाखवलं. तिनं ते डोळ्याला लावलं आणि बराच वेळ लावून ठेवलं.

"ह्ये हायेत," ती म्हणाली. "ह्येच हायेत. बसल्यात."

"बोलावतो मी त्यांना मामी. त्यांना माझी खूण कळते."

यंत्र घेऊन मी पुन्हा बघत उभा राहिलो आणि हात वर केला. मला वाटलं नव्हतं, पण त्यानं मान उचलली. हात बघितला त्यानं. त्याच्या हातात काठी नव्हती, तरी एका हाताची मूठ त्यानं काठी धरल्यासारखी समोर धरली, आणि थांबला. आता हात पाडला की उठणार, लंगडत येणार. मी हात पाडणार एवढ्यात बानूबाईनं माझं मनगट धरलं.

"नगा सायेब."

"मामी?"

"सकाळी बोलवा. न्हारीच्या वक्ताला." ती माळाकडे बघत होती. नुसत्या डोळ्यानं तिला काही दिसत नव्हतं. "लगीन झाल्यापास्नं ह्या मानसाला म्या असं बसल्यालं बघितलं न्हाई. मेंढरं झाली, रस्तं झालं. येकच रात वो. वाईच बसू द्या त्यास्नी."

"पण हात खाली आणला तर ते उठतील."

"मग नगा आनू."

तिनं माझं मनगट वर धरून ठेवलं. खांदा दुखायला लागला, बोटं बधिर झाली, ती तिच्या दोन्ही हातांनी माझं कोपर पेलत राहिली. सूर्य गेला. माळ आधी तांबडा, मग राखी झाला. खाचेतून खुंटी दिसेनाशी झाली, तेव्हा मी म्हणालो की आता तिकडूनही आपण दिसणार नाही. ती म्हणाली, "व्हय, आता आना." मी हात अगदी सावकाश खाली घेतला.

मागं भिंतीशी पावलं वाजली. तो आमच्या शेजारून गेला. आमच्याकडे बघितलं नाही. अंगण ओलांडून, त्या सारख्या पावलांनी, सरळ माळाकडे चालत गेला. हात पडलेला त्याला दिसला होता, आणि हात पडला की जागा सोडायची.

बानूबाईनं हाक मारली नाही. मीही मारली नाही. कोणाच्या नावानं मारायची?

उजाडल्याबरोबर मी यंत्र घेऊन अंगणाच्या कडेला गेलो. बानूबाई चुलीवर चहा ठेवून बाहेर आली. तिनं भाकरी फडक्यात बांधून ठेवली होती, दोघांची.

मी खाचेतून बघितलं. खुंटीवर दोघं होते. दोघंही उभे. दोघांचीही पाठ सरळ. कुणाचा गुडघा वाकतोय ते मी शोधत राहिलो. डोळ्यांना पाणी येईपर्यंत शोधलं, पण कुणाचाच वाकत नव्हता. मी हात वर केला, पाडला. पुन्हा केला, पुन्हा पाडला. कोणीही जागा सोडली नाही.

"दिसत्यात का?" बानूबाई माझ्या पाठीमागून म्हणाली. "बसल्यात न्हवं अजून?"

मी झाकण मिटलं.

"हो मामी," मी म्हणालो. "बसलेत."